रिकामी मांडी

"मान जरा खाली. चेहऱ्यावर वात्सल्य आण," सुधीरराव म्हणाले.

सरोजताईंनी मान खाली घातली. मांडीवर बाळाच्या जागी लोड होता. वात्सल्य कुठून आणणार? वाण्याकडे मिळत असतं तर आणलं असतं.

डोंबिवलीच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत मंडळाचा चित्ररथ निघणार होता आणि त्यावरचं चित्र सुधीररावांकडे, म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे, आलं होतं. राष्ट्र म्हणजे आई, धर्म म्हणजे तिच्या मांडीवरचं तान्हं बाळ. कल्पना त्यांचीच. कार्यकर्त्यांपुढे त्यावर त्यांनी भलंमोठं प्रवचन झोडलं होतं. आईची साडी झाली, मुकुट झाला, मागचा सूर्यही झाला. बाळ मात्र जमेना. कॅलेंडरवरून काढलं तर ते पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कसारखं दिसे. पुन्हा खोडरबर.

"समोर खरं बाळ हवं गं. शेजारी कोणाकडे आहे का?"

शेजारी! सरोजताईंना किळस आली. पुढच्याच स्टेशनाला, ठाकुर्लीत, त्यांची सख्खी नात पालथी पडायला शिकली होती. नीरजाने सम्यकशी लग्न केलं, तो बौद्ध घरातला, म्हणून या माणसाने पोटच्या मुलीला उंबरा बंद केला होता. नात झाल्याची बर्फी पुडा न सोडता परत धाडली होती. आणि हा धर्माला मांडीवर घेणार.

तरी त्यांनी एकदा विचारून पाहिलं. "नीरजाकडे आहे ना बाळ. पाडव्याला तिघांना जेवायला बोलावते."

सुधीरराव पेन्सिलीला टोक काढत राहिले. "फक्त त्या तान्ह्या मुलीला आण. तासाभराचं काम आहे. आणि कोणाची आहे ते मंडळात बोलू नकोस."

सरोजताईंनी लोड उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "मग हाच काढा. हा कुठल्या घरातला, ते कोणी विचारणार नाही."

त्यांनी पिशवी भरली आणि ठाकुर्ली गाठली.

पाडव्याच्या सकाळी सम्यकने मोबाइल पुढे केला. "आई, हे बघा, आमचा मित्र यात्रेला गेलेला, त्याने पाठवलंय. बाबांचंच चित्र ना? पण मांडीवर एवढे हार कशाला?"

फोटोत मुकुटवाल्या आईच्या मांडीवर झेंडूचा ढीग होता आणि लोक हात जोडून उभे होते.

"खाली काही नाही, म्हणून," सरोजताई म्हणाल्या.

नीरजाने पुरणाचं पातेलं गॅसवरून उतरवलं.

"आई, दमलीस. आण तिला इकडे."

"राहू दे."

सरोजताईंची मान खाली होती. पायाला मुंग्या आल्या होत्या, पण नात नुकती झोपली होती, म्हणून त्या हलल्या नाहीत.