अर्ध्या खांबामागचा माणूस

डहाणू स्टेशनजवळच्या आपल्या दुकानात पीयूषने एकाच सिनेमाच्या दोन डीव्हीडी समोर ठेवल्या आणि कुसुमबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"सिनेमा एक, मग डब्या दोन कशाला?"

"मासी, ही साधी. ही नवी, कंपनीने रिळं धुऊन-पुसून काढलेली. तुमच्या पिशवीतली व्हीसीडी तर आता कोणी बघत पण नाय. दोन हजार सोळा चाललंय."

सिनेमा जुना, खुनाचा. भर कीर्तनात, शे-दीडशे माणसांदेखत खून होतो आणि खुनी त्यांच्यातच बसलेला असतो. चाळीस वर्षांपूर्वी ते कीर्तन सायवनच्या देवळात चित्रित झालं, असं कुसुमबाईंचे यजमान धोंडू सांगायचे. "बुवांच्या डाव्या हाताला, खांबाला टेकून बसलोय मी," हे तर चिंचणीच्या वाडीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवून झालेलं. व्हीसीडी आणून शेजारणींना बोलावून पाहिली, तर खांबाजवळ कुणीच नाही! "कापलं असेल," म्हणून ते हसले होते. दोन वर्षांमागे गेले. बाईंच्या मनात मात्र प्रश्न राहिला. नवं लग्न झालेलं असताना, शूटिंगच्या नावाखाली हा माणूस तीन दिवस घराबाहेर होता. सायवनला नसेल, तर मग होता कुठे?

हे त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. सुनेशीही नाही. पण मयुरा काही दुधखुळी नव्हती. तिनेच आज त्यांना इथे आणलं होतं.

"लावून दाखव," कुसुमबाई म्हणाल्या. "आधी बघणार, मग घेणार."

पीयूषने नवी डीव्हीडी लावली. पडद्यावर वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी आणि मधोमध सिनेमा.

"बघ मयुरा! डोळ्यांदेखत कापलाय. वरूनही, खालूनही. आणि म्हणे नवी!"

"नाय मासी, हीच पूर्ण—"

"तू गप. ती दुसरी लाव."

दुसरीत टीव्ही काठोकाठ भरला. कुसुमबाईंना बरं वाटलं. बुवा उभे राहिले, अभंग घेतला, निरूपण रंगलं. बाईंची मान डोलू लागली. सिनेमातले का असेनात, बुवा अस्सल होते. पूर्वरंग संपला. कुणीतरी उठून बुवांना बुक्का लावला, गळ्यात हार घातला.

"थांबव! इथेच."

चित्र थांबलं. कडेला खांब. खांबाजवळ कुणी नाही. म्हणजे खोटंच. चाळीस वर्षं खोटं.

त्या उठायला लागल्या आणि पुन्हा बसल्या. पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा खांब अर्धाच कसा?"

"तेच तर सांगतोय कधीपासून," पीयूष म्हणाला. "थेटरचा पडदा आडवा लांब, आपला जुना टीव्ही चौकोनी. टीव्ही भरायचा म्हणून दोन्ही बाजू उडवतात. काळ्या पट्टीत काय जात नाय मासी, उलट सगळं राहतं."

कुसुमबाईंनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. विकायला बसलेला माणूस काय वाट्टेल ते सांगेल. "लाव परत ती पट्टीवाली," त्या शेवटी म्हणाल्या. "खोटं निघालं तर याद राख."

पुन्हा तेच कीर्तन, तोच बुक्का, तोच हार. पण आता खांब अख्खा होता. खांबाच्या पलीकडे एक माणूस मांडी घालून बसला होता. सगळं देऊळ बुवांकडे बघतंय आणि हा एकटा मान वळवून दाराकडे! पुन्हा बुवांकडे, पुन्हा दाराकडे.

"हा बघा, हा!" पीयूष पुढे सरसावला. "माझे पप्पा सांगायचे, थेटरमध्ये सगळे यालाच खुनी समजायचे. कसा चोरासारखा बघतो! आणि शेवटी निघतो दुसराच."

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला होता, त्यांचे खांदे हलत होते. मयुरा घाबरली. "आई? रडताय का?"

"रडतेय कसली!" त्यांना हसू आवरत नव्हतं, डोळेही वाहत होते. "अगं, त्याच साली, शूटिंगच्या आधी, झरीच्या सप्त्यात यांच्या कोऱ्या चपला गेल्या. सासऱ्यांनी घेतलेल्या, लग्नातल्या. तेव्हापासून कीर्तनाला बसले की एक डोळा बुवांवर, एक दारावर. मी म्हणायची, देवाला तरी पुरा माणूस द्या! खुनी म्हणे. चपला बघतायत ते!"

आणि मग हळूच, स्वतःशीच म्हणाल्या, "सायवनलाच होते."

पीयूषला कळलं नाही, पण त्याने चित्र तिथेच थांबवून ठेवलं. कुसुमबाईंनी पडद्याजवळ जाऊन हात जोडले. ते बुवांना जोडले की कुणाला, हे मयुराने विचारलं नाही.

पट्टीवाली डीव्हीडी पिशवीत गेली. व्हीसीडी काउंटरवरच राहिली.

"परवा एकादशी," रिक्षात बसताना त्या म्हणाल्या. "शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलव बघायला. माझ्या तोंडावर हसायच्या ना, त्यांना आधी. आणि चपला खुशाल ओटीवर काढा म्हणावं. लक्ष ठेवायला हे आहेत."