सायलेन्सरवरचा पंजा

बाबांच्या माघारी त्यांची जुनी मोटरसायकल ताईने घराच्या पडवीत वर्षभर खपून उभी केली. सायलेन्सरला क्रोम नको, काळा रंगही नको, असं ठरवून तिने नळी उघड्या स्टीलची ठेवली. तापली की स्टीलवर निळी-सोनेरी झाक चढते, ती तिला हवी होती.

दादाने मात्र परस्पर गिऱ्हाईक ठरवलं. "तासाभरात येतोय तो. गाडीवर एकही डाग चालणार नाही म्हणालाय."

"मला विचारलंस?"

"तू चालवून चालवून कुठे जाणार? भाजी आणायला?"

"हो. तीही शंभर मैलांवरून."

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी अशी नळी स्पिरिटने पुसतात, कारण बोटांचं तेल तापलं की त्याचा ठसा धातूवर भाजून बसतो. ताईने पुसलेल्या नळीवर ग्रीसने माखलेला अख्खा पंजा दाबला आणि किक मारली. धूर निघाला. पाच बोटं हळूहळू काळपट उमटली.

"अगं, वेड लागलंय का तुला? घासून काढीन मी ते!"

"काढ ना," ताई गाडीवर बसत म्हणाली. "मी परत उमटवीन."