गोदाचे लसभाऊ

परवा भिसेगावच्या चावडीत नव्या व्हॅक्सिनेटरने दुपारच्या आत बेचाळीस पोरं टोचली. मी मोजत होतो. याच कामातून पेन्शनीत निघाल्यापासून मला दुसरा उद्योग नाही, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड मेल्याशिवाय जायची नाही. पत्र्याच्या डब्यातून त्याने काचेच्या बारीक नळ्या काढल्या. टोक मोडायचं, लस काढायची, टोचायची, वहीत नाव लिहायचं, पुढचा. एकाही बाईने त्याला शिवी दिली नाही आणि एकीनेही ताक घेता का म्हणून विचारलं नाही.

ही लस वासराची. वासराच्या पोटावर देवी उठवतात, तिथून लस काढून नळीत भरतात, आणि ती आगगाडीने कर्जतला येते. आठवडेच्या आठवडे टिकते म्हणे. चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. आमच्या वेळी नळी नव्हती, पोरं होती. एकाला टोचलं की आठव्या दिवशी त्याच्या दंडावर टपोरा फोड भरायचा. तो नस्तराने हलकेच उघडायचा आणि त्यातली लस पुढच्या पोरांना द्यायची. पुन्हा आठ दिवसांनी त्यांच्या दंडावरून पुढे. मध्ये साखळी तुटली की मुंबईहून काचेच्या तुकड्यांवर वाळवलेली लस मागवायची, आणि ती वाटेत उन्हाने मेली नसेल तर नशीब म्हणायचं. म्हणून आम्ही फोड आलेलं पोर आईसकट गावोगाव हिंडवत असू. बाप भांडायचा, आई कुरकुरायची, आणि ज्या गावात जाऊ तिथल्या बायका त्या पोराला तीट लावून, काहीतरी हातावर ठेवून परत पाठवायच्या.

त्या दिवसांची मला फार आठवण येते. रोगाची नाही. तो कमी झाला हे उत्तम झालं. तो कसा होता हे ज्याला पाहायचं असेल त्याने माझ्या पिढीची तोंडं बघावीत. आठवण येते ती माणसांची.

तीस वर्षं झाली. मी बावीस वर्षांचा, खालापूरकडचा कुणबी, मराठी पाच यत्ता शिकलेला, आणि डोक्यावर सरकारी पागोटं चढल्यामुळे जरा जास्तच शहाणा. माघ अर्धा सरला होता. भिसेगावात मुंबईच्या वाळवलेल्या लसीने मी पाच पोरं टोचली. चार दंड कोरेच राहिले. एकीच्याच दंडावर लस धरली. ती गोदा, सुंदराची आठ महिन्यांची लेक.

गोदाला टोचायला तिची आजी बायजा तयार नव्हती. बायजा म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द. मुलगा शेतावर आणि सून चुलीपाशी, दोघंही तिला विचारून श्वास घेत. सरकार, मुंबई, विलायत, सगळं सांगून मी थकलो. मग मला एक युक्ती सुचली. मी म्हटलं, आजी, ही देवीच आहे. मोठ्या रूपात येण्याआधी लहान रूपात घरी येते आहे. पाहुणी म्हणून ठेवून घ्या, पुन्हा यायची नाही. बायजाने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हात जोडले. मी स्वतःवर खूष झालो. आठव्या दिवशी फोड उघडायचा आहे हे मात्र मी तिला सांगितलं नाही, सुंदराला तेवढं बाजूला घेऊन सांगितलं. एका वेळी एकच गोळी गिळवावी, असा माझा हिशेब.

बायजाने पाहुणचारात कसर ठेवली नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात तेलाची फोडणी बंद झाली, वहाण घालून कुणी आत यायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. गोदाच्या दंडांवर तीन फोड उठले, दोन उजव्यावर, एक डाव्यावर. मी रोज जाऊन बघायचो आणि बायजा मला रोज ताक द्यायची.

सहाव्या दिवशी घाटातून नामा उतरला. नामा म्हणजे सुंदराच्या थोरल्या बहिणीचा, मैनाचा नवरा. रेल्वेच्या लाइनीवर गँगमध्ये होता, बिऱ्हाड ठाकुरवाडीला. वाडीत दोन घरांत देवी आल्या होत्या, एक म्हातारा गेला होता. मैनाला दोन मुलगे, पाच वर्षांचा सदू आणि दीड वर्षाचा धाकलू. दोघांचेही दंड कोरे. सुंदराने मला विचारलं, आत्ताच निघायचं का? मी म्हटलं, लस अजून पिकली नाही, परवा आठवा दिवस, परवा उजाडताच निघू. तिच्या पोरीच्या दंडावर जे होतं त्यावर तिच्या बहिणीची पोरं तगायची होती. दुसरी लस सगळ्या तालुक्यात नव्हती.

आठव्या दिवशी उजाडता त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं आणि मला फोडणीचा वास आला.

कुणब्याच्या पोटी जन्मलेल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दाराचा डहाळा गेला होता, अंगण नुकतं सारवलं होतं. बायजा ओट्यावर बसली होती, अगदी समाधानाने. आदल्या दिवशी तिने कुणाकडून तरी ऐकलं की टोचणारा सुरी घेऊन येणार आहे. मग तिने दहीभाताचा नैवेद्य केला, पोरीला लिंबाच्या ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, हळद आणि लिंबाचा पाला वाटून अंगाला चोळला, आणि देवीला वाजतगाजत गावाच्या शिवेवर पोचवून आली.

"तूच म्हनालास रं सहदेवा, पाहुणी हाय म्हनून," ती म्हणाली. "मंग पाहुणीच्या अंगाला सुरी लावून देऊ? त्यापरीस मानानं पोचवली."

तिची काय चूक होती? मी सांगितलं तेच तिने जिवापाड केलं होतं. सुंदरा गोदाला घेऊन बाहेर आली. उजव्या दंडावरचे दोन्ही फोड चोळून सपाट झाले होते. मग तिने पोरीचा डावा हात वर केला. तिथला फोड शाबूत होता, भरलेला. सासू पाला चोळत असताना पोरीला धरण्याच्या मिषाने सुंदराने त्याच्यावर आपला तळवा झाकून ठेवला होता.

बायजाने तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. सासूसमोर कधी मान वर न करणारी सुंदरा त्या दिवशी बोलली.

"आत्याबाई, देवी काल गेल्या ना?"

"गेल्या. मी सोता पोचवल्या."

"मंग ह्यो नुसता फोड हाय. त्याला नस्तर लागलं तर कुनाचा अपमान?"

हे वकिलाला सुचलं नसतं. पण बायजाही कच्ची नव्हती. देवी गेल्या असतील तर नुसत्या फोडाचा मैनाच्या पोरांना उपयोग काय, असं तिने विचारलं. उत्तरही तिनेच शोधलं. मग बायजा उठली, आत जाऊन नारळ आणि तांदूळ घेऊन आली आणि सुनेची ओटी भरली.

"शिवेवर सोडल्या त्या घाटाच्याच वाटंला," ती म्हणाली. "बिगी बिगी निगा. वाटंत गाठ पडंल, सोबतीनं जावा."

आम्ही निघालो. पळसदरीपर्यंत सपाटी, पुढे लाइनीच्या कडेने चढ. गोदा आईच्या कडेवर, डावा हात बाहेर, कशाला घासू नये म्हणून. उन्हाने फोड वाळू नये म्हणून मी माझी सरकारी छत्री पोरीच्या दंडावर धरून चाललो होतो. लाइनीवरचे गँगवाले हसले. एकाने विचारलं, कंच्या राजाची लेक म्हनायची? सुंदराने मागे न बघता सांगितलं, मैनाची भाची. आठ महिन्यांचं ते ओझं तिने एकदाही माझ्याकडे दिलं नाही. मलाही ते मागण्याची लाज वाटली, कारण ही धावपळ कुणामुळे होती ते मला कळत होतं.

वाडीत देवी न आलेली, न टोचलेली आठ पोरं निघाली. चार ठाकरांची, दोन लाइनवाल्यांची आणि मैनाची दोन. पाच मुलगे आणि दोन मुली लहानगी, आणि सगळ्यांत मोठा सदू. लहानांना आधी, हा आमचा नियम. लहान पोर देवीत तगत नाही. सदू शेवटी उभा राहिला. गोदा रडू लागली तेव्हा त्यानेच तिचा पाय धरला आणि जिभेने टक् टक् आवाज करत राहिला. ती त्याच्याकडे बघून हसली की मी फोडाला नस्तर लावायचो. एक, दोन, तीन, असे सात दंड झाले. आठव्यासाठी मी नस्तर टेकवलं तेव्हा त्यावर रक्त आलं. रक्त आलं की थांबायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, हा आमचा पहिला धडा. मी थांबलो.

"माजं?" सदूने विचारलं.

तुझं आठ दिवसांनी, धाकलूच्या दंडावरून, असं मी सांगितलं. टोचणं टळलं म्हणून तो आनंदाने उड्या मारत पळाला. मैनाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, काळजी करू नका, आठ दिवस काय, चुटकीसरशी जातील.

आठव्या दिवशी मी वर गेलो तेव्हा धाकलूच्या दंडावर सुरेख तीन फोड भरले होते. लस इतकी की पंधरा पोरं झाली असती. सदू तीन दिवसांच्या तापाने आत पडला होता आणि त्याच्या कपाळावर देवी उठू लागल्या होत्या. शिमग्याला पाच दिवस असताना तो गेला. ती सात पोरं सगळी जगली.

कर्जतचे डॉक्टरसाहेब म्हणाले, रोग त्याच्या अंगात आधीच शिरला असेल, त्या दिवशी टोचूनही वाचला नसता कदाचित. कदाचित. या एका शब्दावर मी तीस वर्षं काढली. चोळून गेलेल्या दोन फोडांतला एक जरी उरला असता तरी सदूच्या वाट्याला थेंब आला असता. बायजाने नंतर एकदा मला विचारलं, लस कमी का पडली रं? मी म्हटलं, एका पोरीच्या अंगात तेवढीच असते आजी. म्हातारीच्या माथी ते मारण्याची माझी छाती झाली नाही, आणि खरं म्हणजे ते तिच्या माथीचं नव्हतंच.

पुढल्या दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी मैना खाली उतरली. कडेवर धाकलू आणि मागे वाडीतले ते बाकीचे चार मुलगे, आयांसकट. सख्खा भाऊ नसलेल्या गोदाला तिने पाटापुढे बसवलं आणि तिच्या इवल्या हाताला हात धरून पाचही मुलांना ओवाळायला लावलं. एका दुधावर वाढले ते दूधभाऊ, मग एका लसीवर तगले ते लसभाऊ, असं मैना म्हणाली. तेव्हापासून रिवाजच पडला. ठाकरांचे मुलगे येताना डोंगरातला मध आणायचे. मला दर वर्षी मामा म्हणून बोलावणं असे. सहावा पाट नेहमी रिकामा असायचा आणि त्यावर एक सुपारी. गोदा तिलाही ओवाळायची. मैनानेच मांडली असणार, असं समजून मी तिकडे फारसं पाहत नसे. आता या बेचाळीस पोरांनी कुणाला ओवाळायचं? वासराला?

परवा चावडीत गोदाही आली होती, तिच्या शेंडेफळाला घेऊन. तिशी ओलांडलेली बाई, पण डाव्या दंडावरचा व्रण तेवढाच ठसठशीत. बायजा जाऊन दहा वर्षं झाली. सुंदरा आता कमरेत वाकली आहे. गोदाचं पोर रांगेत शेवटचं होतं. व्हॅक्सिनेटरने त्याला टोचलं, नळीत थोडी लस उरली होती. उघडलेली नळी ठेवता येत नाही, त्याचा तो नियम असेल. त्याने तो थेंब कापसाने पुसला आणि कापूस पेटत्या दिव्यावर धरला.

मी त्या कापसाकडे बघत होतो. गोदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "येवढीच हवी व्हती ना सदूदादाला?"

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"आजीनं. सुपारी तीच मांडायची. म्हनायची, माज्या हातानं दोन फोड गेले, त्यातला येक सदूचा व्हता. आन मला बजावलं व्हतं, सहदेवाला बोलू नको, त्याला वाटतंय मला ठावं नाय."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते लपवण्याचं वयही आता राहिलेलं नाही. वीस वर्षं ती म्हातारी मला ताक देत होती, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी गोदाला तिथेच सगळं सांगितलं. फोड आजीच्या हाताने गेले, पण तिच्या घरात देवीला पाहुणी म्हणून मी बसवलं होतं. तिला फसवून घेतलेला तो होकार होता. आजीने नुसता माझा शब्द पाळला.

गोदाने ऐकून घेतलं. पोराची बंडी सारखी केली, त्याचा टोचलेला दंड जपून वर घेतला.

"मंग औंदा सुपारी तुमी मांडा," ती म्हणाली.