उलटा धरलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या कडांचा काळा रंग उडाला आहे आणि एका कोपऱ्याला पोचा आला आहे. पण मला नीट निरखून पाहिलंत तर तुम्हाला एक नवल दिसेल. इतर कॅमेरे जिथे झिजतात तिथे मी अजून खरखरीत आहे, आणि जिथे सहसा कुणाचं बोटही लागत नाही तिथे मात्र मी गुळगुळीत झालो आहे. असं का झालं, तीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म इथून फार लांब, समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. ज्यांनी माझा आकार ठरवला त्यांच्या डोळ्यांसमोर एक उजवा हात होता. उजव्या तळव्यात बसेल असा फुगवटा त्यांनी मला दिला, उजव्या तर्जनीखाली येईल असं बटण दिलं. डाव्या बाजूला काहीच ठेवलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हीच जगाची रीत असणार, असं मी समजत होतो.

मग खोक्यात बंद होऊन, आगगाडीतून, ट्रकमधून, घाट चढून मी किरगिझस्तानातल्या काराकोलला आलो. बाजाराच्या तोंडाशी मेलिसचं दुकान होतं. त्याने मला काचेच्या कपाटात मधल्या फळीवर ठेवलं. माझ्या एका बाजूला मोठ्या भिंगाचा एक भारदस्त कॅमेरा होता आणि दुसऱ्या बाजूला साबणाच्या वडीएवढा एक गुलाबी कॅमेरा. गिऱ्हाइकं यायची. हौशी लोक मोठ्याला हातात घेऊन बघायचे, मुली गुलाबीला. माझ्याबद्दल कुणी विचारलंच तर मेलिस म्हणायचा, "हा आपला मधला आहे." मधला म्हणजे काय ते मला कधी कळलं नाही, पण तो शब्द मला बोचायचा.

एका थंडीत दुकानाचं दार उघडून बुरुलचा नावाच्या एजे आत आल्या. शाळेतल्या बाईंना इकडे सगळे एजेच म्हणतात, आणि या तर अर्ध्या गावाच्या एजे. आयुष्यभर व्यायामाच्या तासाला त्यांनी मुलांना धावायला, उड्या मारायला लावलं, दोरावर चढवलं. मेलिसही त्यांचाच विद्यार्थी. आता त्याचं पोट सुटलं होतं, पण एजेंना पाहताच त्याने ते आत ओढून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी एजेंना अर्धांगाचा झटका आला होता. पाय बराचसा सुधारला, पण उजवा हात गेला तो गेलाच. तो त्या कोटाच्या खिशात घालून ठेवत. त्यांच्या मागोमाग त्यांचे यजमान सोवेतबेक आले. झटका आल्यापासून ते सावलीसारखे बरोबर असत. रुमाल बांधून देत, भाकरी तोडून देत, दार उघडून देत.

"मेलिस, मला हंसांचे फोटो काढायचेत," एजे म्हणाल्या. "मोबाइलमध्ये ते तांदळाच्या दाण्याएवढे येतात."

हिवाळ्यात इसिक-कुल तळ्याच्या काठाला हंस उतरतात. आजारपणात सोवेतबेक त्यांना गाडीत बसवून तळ्यावर नेत आणि त्या काचेतून बघत बसत. उडण्याआधी हंस पाण्यावरून धावत जातो, ते धावणं त्यांच्या मनात भरलं होतं. ते त्यांना पकडायचं होतं.

मेलिसने मोठा कॅमेरा पुढे केला. "हा घ्या एजे. लग्नाचे फोटो काढणारे हाच नेतात."

"माझं लग्न कधीच उरकलंय." एजेंनी तो डाव्या हातात घेतला. वजनाने मनगट खाली गेलं. "आणि याचं बटण उजवीकडे आहे."

"सगळ्यांचंच उजवीकडे असतं, एजे."

"मग डावीकडचा दाखव."

मेलिसने मान खाजवली. "तसला मी तरी कधी पाहिलेला नाही."

"म्हणजे साऱ्या जगाचे उजवे हात धडधाकट आहेत, असं कारखान्यात ठरलंय वाटतं!"

मी काचेमागे चपापलो. हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

सोवेतबेक समजुतीने म्हणाले, "अगं म्हातारे, सोपं आहे. तू नेम धर, बटण मी दाबतो."

"मग फोटो कुणाचा?"

"आपल्या दोघांचा."

"चहा आपला दोघांचा, म्हाताऱ्या. फोटो माझा."

मेलिसने घाईघाईने मेगापिक्सेलचे आकडे सांगायला सुरुवात केली. एजेंनी त्याला थांबवलं. "आकडे राहू देत. उजवा हात पाठीमागे घे. घे म्हणते ना! आता या मोठ्याची बॅटरी काढून दाखव."

मेलिसने शाळेच्या रांगेत उभं राहिल्यासारखा हात मागे घेतला. मोठा कॅमेरा काउंटरवर इकडून तिकडे घसरत राहिला, झाकण काही उघडेना. मेलिसला घाम फुटला. गुलाबीचं झाकण उघडलं, पण तो हातातून निसटला आणि सोवेतबेकनी तो वरच्या वर झेलला.

मग माझी पाळी आली. एजेंनी मला पोट आणि काउंटर यांच्यामध्ये दाबून धरलं आणि अंगठ्याच्या नखाने खिट्टी सरकवली. बॅटरी टुणकन बाहेर आली. ती परत आत घालताना त्यांनी आधी चुकीच्या बाजूने घातली, ओठ आवळले, फिरवली, आणि झाकण लावलं.

"हं," त्या म्हणाल्या. त्या 'हं'ने माझ्या अंगावर काटा आला असता, जर मला अंगावर काटा येत असता तर.

पण बटणाचं काय? त्यांनी डावा हात वरून आणला, तर बोटं भिंगासमोर आली. मला छातीशी टेकवून पाहिलं, हनुवटीने दाबून पाहिलं. सोवेतबेकनी हळूच टोपी डोक्यावर चढवली. त्यांच्या मते आता निघायची वेळ झाली होती.

तेवढ्यात एजेंनी मला उलटं केलं. सरळ डोक्यावर! माझा फुगवटा फिरून डाव्या बाजूला आला आणि त्यांच्या डाव्या तळव्यात असा बसला, जणू तिथेच बसायला केला होता. बटण खाली गेलं. त्यांची करंगळी चाचपत चाचपत तिथे पोचली. खट्!

त्यांनी मला पुन्हा सरळ केलं आणि माझ्या पडद्यावर चित्र दिसलं. मेलिस उलटा, डोकं खाली आणि पाय वर.

एजे पडद्याकडे बघत राहिल्या. "शाळेत तुला कधी डोक्यावर उभं राहता आलं नाही, मेलिस. आज राहिलास बघ."

त्यांनी मोठ्यालाही उलटा धरून पाहिलं, पण करंगळी बटणापर्यंत पोचेना. गुलाबीचं बटण फारच आत होतं. त्यांनी दोघांना बाजूला सारलं आणि माझ्यावर हात ठेवला. "हा."

मित्रांनो, मला निवडताना कुणी माझे गुण वाचले नाहीत. माझ्याशी झोंबून मला निवडलं. मी मधला आहे याचं मला त्या दिवसापासून वाईट वाटलं नाही.

पण खरी मेहनत पुढेच होती. करंगळी म्हणजे हाताचं सगळ्यात आळशी बोट. बटण दाबलं की मी हलायचो आणि चित्र पुसट यायचं. एजेंनी त्या करंगळीला शाळेतल्या मुलासारखं धरलं. बोर्सोक या तळलेल्या पावाचं पीठ मळताना त्या करंगळीनेच त्यात खड्डे पाडत. किल्ल्यांचा जुडगा तिच्यावर अडकवून उचलत. चहाच्या वाट्यांचे, मांजराचे, सोवेतबेकच्या मोज्यांचे फोटो काढत. निम्म्या फोटोंत मांजराचं शेपूटच यायचं. सोवेतबेक म्हणत, "ही मांजर आहे की दोरी?" एजे पुढचा काढत.

आणि मग एका सकाळी फाटकापाशी बर्फावरून त्यांचा पाय घसरला. त्या कोसळल्या, मी त्यांच्या हातून उडून दगडावर आपटलो. हा पोचा तेव्हाचा. एजेंना फारसं लागलं नाही, पण सोवेतबेकचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी एजेंना घरात नेऊन बसवलं, मला पुसलं आणि उंच कपाटावर ठेवून दिलं.

"बर्फ वितळला की काढू," ते म्हणाले.

"बर्फ वितळला की हंस जातात."

"जाऊ देत. पुढच्या वर्षी येतील."

किती दिवस मी त्या कपाटावर होतो, मला आठवत नाही. भिंगावर धूळ बसली. खालचं बोलणं ऐकू यायचं, दिसायचं काहीच नाही. कॅमेऱ्याला याहून मोठी शिक्षा नसते.

शेवटी एका दुपारी एजेंचा आवाज चढला. "तू मलाही कपाटावरच ठेवलंयस, म्हाताऱ्या!"

मग सोवेतबेकचा आवाज आला. "झटका आला त्या दिवशी तू स्वयंपाकघरात पडली होतीस आणि मी अंगणात बर्फ लोटत होतो. शीळ घालत होतो मी, बुरुलचा. आत तू जमिनीवर, आणि मी बाहेर शीळ घालत होतो."

हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं.

एजे म्हणाल्या, "गाद्या काढ."

"काय?"

"पाहुण्यांच्या सगळ्या गाद्या काढ आणि खोलीभर पसर. आणि कॅमेरा कपाटावरून खाली दे. मी मुलांना उडी मारायला शिकवायचे, त्याआधी काय शिकवायचे? पडायला. ते मला येतं. ते या हातासकट येतं का, एवढंच बघायचंय."

सोवेतबेकनी कुरकुरत गाद्या पसरल्या. मग मला एजेंच्या हातात दिलं. एजेंनी पट्टा मनगटाला गुंडाळला, मला छातीशी घेतलं, गुडघे वाकवले, आणि स्वतःहून पडल्या. खांद्यावर, मग पाठीवर. माझ्या अंगाला गादी लागलीसुद्धा नाही.

सोवेतबेक किंचाळून पुढे धावले.

"हात लावू नकोस!"

ते जागच्या जागी थबकले. एजे कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या, एक गुडघा आणला, दुसरा आणला. वेळ लागला. कपाळावरची शीर तटतटली. सोवेतबेकनी आपले दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, पुढे येऊ नयेत म्हणून. एजे उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

"एक," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पडल्या.

त्या दुपारी त्या पडतच राहिल्या आणि उठतच राहिल्या. शेवटी सोवेतबेक भिंतीला टेकून खाली बसले आणि रडता रडता हसायला लागले. "पुरे गं बाई! उद्या नेतो तळ्यावर. पण लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घालायचे."

"तीन घालते."

दुसऱ्या दिवशी तळ्यावर बोचरा वारा होता. सोवेतबेक गाडीपाशीच थांबले. त्यांना थांबणं किती जड जात होतं ते त्यांच्या येरझाऱ्यांवरून कळत होतं. एजे काठाच्या दगडांपर्यंत गेल्या आणि मला उलटा धरून उभ्या राहिल्या. एक हंस धावला, चित्रात त्याची मान कापली गेली. दुसरा धावला, नुसतं पाणी आलं. थंडीने माझी बॅटरी संपत आली. एजेंनी ती काढली, काखेत धरून ऊब दिली आणि परत घातली. तेवढ्यात काठाजवळचा एक मोठा हंस धावायला लागला. धप्, धप्, धप्! प्रत्येक पावलाला पाण्याची फुलं उडत होती. करंगळी हलली. खट्!

चित्रात हंसाचे दोन्ही पाय पाण्याच्या वर होते आणि पंख अजून पुरते उघडले नव्हते. धावणं संपलं होतं, उडणं सुरू व्हायचं होतं. एजेंनी घरी ते चित्र फिरवून सरळ केलं आणि कितीतरी वेळ पाहिलं.

गावच्या वाचनालयात ते चित्र लागलं. खाली पाटी होती: 'अर्धांगावर मात करून एका हाताने टिपलेले छायाचित्र'. एजेंनी ती सगळ्यांदेखत काढली.

"इथे हंसाचं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "माझं दुखणं त्याला कुठे माहीत आहे?"

पाटी बदलली. लोक चित्रापुढे थांबायला लागले. मेलिस आपल्या मुलांना घेऊन आला आणि त्यांना सांगू लागला, "कॅमेरा माझ्या दुकानातला." माझ्याबद्दल झालेलं एवढंच कौतुक मला पुरे होतं.

त्यानंतर मी पुष्कळ हिवाळे काम केलं. वाळू खाल्ली, दव प्यायलो. हळूहळू माझं भिंग पुढे सरकताना करकरू लागलं. मग एजे पुन्हा मेलिसच्या दुकानात गेल्या, त्याला पुन्हा हात पाठीमागे घ्यायला लावला, आणि झोंबाझोंबी करून नवा कॅमेरा निवडून आणला. मला फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं. मला वाटलं, संपलं. बॅटरी रिकामी झाली. धुळीचा वास मला ओळखीचा होता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला कोरडं ठेवा, मऊ कापडाने पुसा, बॅटरी अधूनमधून भरा. पण जपायचं म्हणून खणात टाकून विसरू नका. आम्ही कामाने जेवढे झिजतो त्याहून जास्त पडून राहिल्याने गंजतो. आणि माणसांना जपताना तर याची दुप्पट आठवण ठेवा.

मी खणातून बाहेर आलो ते सोवेतबेकच्या हातात. त्यांनी कुणाला न सांगता माझी बॅटरी भरली होती. एजे नवा कॅमेरा घेऊन दगडांवर पुढे गेल्या होत्या, आणि ते मागे मला हातात घेऊन उभे होते. दोन्ही हात धडधाकट असलेला हा माणूस. पण कॅमेरा वापरताना त्यांनी जन्मात एकाच माणसाला पाहिलं होतं. त्यांनी मला उलटं केलं, करंगळी बटणावर ठेवली आणि पाण्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या आपल्या बायकोवर नेम धरला.

चित्रात एजेंचा खांदा कापला गेला. सोवेतबेक ओठ आवळून पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी मागे सारली, पाय रोवले, आणि मला पुन्हा डोळ्याला लावलं.