आवाज नसेल ती फाइल

# आधी प्रत काढ. मुळाला हात लावू नकोस.

मेमरी कार्ड नखाएवढं. मोबाईलमध्ये घातलं की मोबाईल म्हणायचा, रिकामं आहे. अश्विनीला ते पटत नव्हतं. गेल्या वैशाखात धरणाचं पाणी उतरलं, तेव्हा तिचे वडील, अण्णा, काठी टेकत बुडीतातल्या जुन्या गावातून चालले होते आणि थांबून थांबून कुणाचं घर कुठं होतं ते सांगत होते. एका घराला एक फाइल, असं तिनं ते रेकॉर्ड केलं होतं.

आता अण्णा नव्हते. दहावा परवावर आला होता, आणि आईनं, मंगलनं, एकच धरून ठेवलं होतं. पिंड जुन्या घराच्या उंबऱ्यावर ठेवायचा. पाणी यंदाही उतरलं होतं, पण गाळानं सगळं सपाट केलेलं. उंबरा कुठं ते अण्णांनाच ठाऊक.

अश्विनी भोरला कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्सच्या मशिनी सांभाळते. तिथला जुना लॅपटॉप तिनं ओसरीवर मांडला आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामला कार्डाची हुबेहूब प्रत काढायला लावलं. खराब जागा आली की तो ती ओलांडतो, पुढचं सगळं उचलतो, मग मागं येऊन राहिलेलं खरवडत बसतो.

"काय दिसतंय त्या काळ्या पाटीवर?" थोरल्या भावानं, ज्ञानूनं विचारलं. "आण्णा येत्यात का भायेर?"

"गप बस, दादा."

"आगं, इचारतोय. देवऋषाला कोंबडं तरी द्यावं लागतं. तुजं समदंच फुकटात."

आई हसली नाही.

# नावं परत मिळणार नाहीत.

फोटोरेक या दुसऱ्या प्रोग्रामनं प्रतीतून फाइली उपसल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. पण आकडे कार्डावरच्या जागेप्रमाणं चढत जातात, म्हणून क्रम शाबूत होता. सोबत ढीगभर कचरा आला, रिंगटोनचे तुकडे, नुसती खरखर. एकेक ऐकत बसायला सवड नव्हती. तिनं छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फाइलीचा सरासरी आवाज मोज, बोलण्याहून हळू असेल ती उडव.

# आवाज नसेल ती कचरा.

अण्णांचा आवाज ओसरीवर आला, तसा आईनं पदर डोक्यावर घेतला.

"हितं ठकुबाईचं... ह्यो दोन फांद्यांचा बुंधा दिसतोय न्हवं, त्यो कोंडिबाचा फणस... हितं अंबूबाईचं, लई भांडायची..."

संपलं.

"आन आपलं?" आई म्हणाली.

"दुनियेचं सांगितलं," ज्ञानू म्हणाला, "सोताचं ऱ्हायलं."

अश्विनीला आठवलं. फणसापासून अण्णा चालत गेले आणि थांबले. तिनं मोबाईल पुढं धरला होता. ते बोललेच नव्हते. "अण्णा, बोला की," एवढंही तिच्यानं म्हणवलं नव्हतं.

ती फाइल तिनंच उडवली होती.

प्रत होती म्हणून बरं. उडवणाऱ्या ओळीच्या आधी तिनं # टाकलं, म्हणजे यंत्रानं ती ओळ वाचायची, करायची नाही. सगळं पुन्हा उपसलं. कोंडिबा आणि अंबूबाई यांच्या मधोमध एक लांबलचक फाइल निघाली.

# काही उडवू नकोस.

पावलं, चिखलातली. काठी, दब दब. टिटवी. पावलं थांबली. काठी गाळात खोल गेली आणि खट्ट वाजली, दगडावर वाजावी तशी. मग तिथंच पुन्हा, हळू, खट्ट. मग श्वास. बराच वेळ नुसता श्वास.

"परत लाव," आई म्हणाली.

# 

दहाव्याला फणसाचा बुंधा गाळातून वर डोकावत होता. अश्विनीनं अण्णा गेले होते ती दिशा दाखवली आणि तिथून फाइल लावली. आई अण्णांची काठी घेऊन मोबाईलमधल्या पावलावर पाऊल टाकत चालली. मागं ज्ञानू, हातात पिंड.

पावलं थांबली. आई थांबली. काठी घातली. दब. वीतभर बाजूला. दब. आणखी थोडं पुढं.

खट्ट.

आईनं काठी काढली नाही. मोबाईल बंद कर अशी हातानं खूण केली.

अश्विनीनं केला नाही. श्वास अजून चालू होता.