रंधा जरा जास्तच फिरला

मी खोका बोलतोय. लाकडी, चौकोनी, हातभर लांब. मला घाई आहे, तेव्हा मध्ये टोकू नका.

माझा जन्म परमुलखातल्या एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये झाला. तिथे यंत्रांचे सुटे भाग बनायचे आणि ते भरायला एक म्हातारा सुतार खोके बनवायचा. भारी हौशी माणूस! "माल परदेशात चाललाय, लोक काय म्हणतील?" म्हणत त्याने माझ्यावर असा रंधा मारला, की मी गुळगुळीत झालो. फळीवर एक काळा शिक्का होता, तोही साफ गेला. सुतार खूश, मीही खूश. मग माझ्या पोटात एक दातेरी चाक ठेवून खिळे ठोकले आणि मला बोटीत चढवलं.

बोट निघाली वेळेत, पण इथे येऊन बंदराबाहेरच अडकली. धक्का रिकामा नाही म्हणे! समोर बंदर दिसतंय आणि आपण अकरा दिवस नुसतं डुलत राहायचं. धक्का मिळाला, तर क्रेन बिघडलेली. आणखी चार दिवस गेले.

एकदाचा गोदामात आलो. तिथल्या तपासनिसाने मला उलटापालटा करून पाहिलं.

"शिक्का कुठाय?"

तेव्हा कुठे मला कळलं. परदेशी जाणारं लाकूड तापवून त्यातली कीड मारतात आणि खूण म्हणून तो शिक्का उमटवतात. त्याच्याशिवाय लाकूड आत येत नाही. अरे देवा! माझ्या नटण्यापायी सगळं अडलं.

चाक मागवणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी धावतच आल्या. संत्र्यांचा रस बाटल्यांत भरून परदेशी पाठवायचा त्यांचा छोटासा कारखाना. झाकणं बसवायचं यंत्र या चाकावाचून बंद पडलेलं.

"साहेब, संत्री सडायला लागलीत हो! पुढल्या शनिवारच्या बोटीवर जागा मिळालीय. ती चुकली की पुढची दोन महिन्यांनी. गिऱ्हाईक थांबेल का तोवर? बावीस बायकांना काय घरी बसवू?"

"माझ्या हातात काय आहे, बाई? एक तर माल परत पाठवा, नाहीतर खोका जाळायचा अर्ज करा. चाक तुम्हाला मिळेल."

"मग जाळा की आत्ताच!"

"वरून सही यावी लागते."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो, जाळा मला! ऐकतंय कोण? सही पाच दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. बाई रोज सकाळी येऊन बाकावर बसायच्या आणि कारखान्यात फोन लावून सांगायच्या, "मावशी, नासलेली तेवढी बाजूला काढ. आज नक्की आणते." एकदा माझ्यावरून हात फिरवत तपासनिसाला म्हणाल्या, "किती मन लावून केलाय हो! बनवणाऱ्या सुताराला कुणी बोलू नका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज गुरुवार. सकाळी सही आली. खिळे उपटले, बाईंनी चाक छातीशी धरलं आणि पळत सुटल्या. वाटेत चप्पल तुटली, तर ती तिथेच टाकून गेल्या.

आता मी भट्टीच्या दारात पडलोय, नुसत्या सुट्या फळ्या. जळायचं मला काही वाटत नाही, खरंच. पण चाक बसलं का? यंत्र फिरलं का? इथे कुणी काही सांगत नाही. तुमच्याकडे फोन असेल तर त्या बाईंना लावा ना! भट्टीच्या रांगेत माझ्यापुढे आता एकच पेटी उरलीय.