आतून ठोठावलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलात की डाव्या हाताला. माझा रंग उडालाय, खालची फळी पाण्यानं फुगलीय आणि उघडताना मी जरा कुरकुरतो. वय झालं की कुरकुरायचा हक्क मिळतो, असं आमच्या घरातली आजी म्हणायची. मित्रांनो, गोष्ट माझी असली तरी मला तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

मोडीत निघालेल्या एका गोदामाच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. मला घडवणारा सुतार कामाला चोख आणि तोंडानं फटकळ होता. चौकटीत बसवून त्यानं मला दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि सांगून टाकलं, की बाई, हा तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आजी तेव्हा तिशीची होती. नवरा वारलेला, कडेवर वर्षाचा मुलगा. नातवंडांचा पत्ताच नव्हता. ती हसून म्हणाली, "पुरू दे की. पण उघडं राहायला शिकवा त्याला."

ती घरोघर फिरून शिलाई मशीन दुरुस्त करायची. खांद्याला पत्र्याची पेटी, पेटीत स्क्रू ड्रायव्हर, पट्टे, बॉबिन आणि लांब चोचीची तेलाची कुपी. संध्याकाळी उरलेलं तेल माझ्या बिजागऱ्यांना मिळायचं. अशी बडदास्त बंगल्यांच्या दरवाजांचीही कुणी ठेवली नसेल. ती घरात असली की मी सताड उघडा असे. एखादा चोर शिरेल, असं शेजारी बजावत. शिरला तर चहा घेऊन जाईल, नेण्यासारखं आहे काय इथं, असं तिचं उत्तर ठरलेलं होतं.

रविवारी ती 'टोक बघायला' जायची. म्हणजे काय, तर दिसेल त्या बसमध्ये चढायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथं काय आहे ते बघायचं आणि परत यायचं. बहुतेक टोकांना काहीच नसे. एखादी पाण्याची टाकी, बंद पडलेलं गॅरेज, चार कुत्री. पण परत आल्यावर ती ते असं रंगवून सांगायची, की मला चौकटीसकट उठून जावंसं वाटे. मुलगा लहानपणी तिच्याबरोबर जाई, पुढे त्याला लाज वाटू लागली. मग नात झाली आणि ती जाऊ लागली. आजीच्या पायाला भिंगरी आहे, असं कुणीतरी म्हटलेलं ऐकून तिनं आजीचं नावच भिंगरीआजी ठेवलं.

मुलगा मात्र नाकासमोर चालणारा. एका कार्यालयात पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचा. एकही रेघ वाकडी गेलेली त्याला खपत नसे. आईवर त्याचा फार जीव होता, हे मला ठाऊक आहे. तिला यायला उशीर झाला की तो माझ्यापाशी येऊन उभा राहायचा.

सत्त्याहत्तराव्या वर्षी ती एका टोकाला पोहोचली आणि परतीची वाट विसरली. पहिल्यांदा कंडक्टरनं आणून सोडलं, तेव्हा सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा मुलानं दिवसभर अख्खं शहर पालथं घातलं. ती एका दगडखाणीजवळ सापडली, एका पायात चप्पल नाही, टाच रक्ताळलेली. दुसऱ्याच दिवशी त्यानं माझ्या बाहेरच्या अंगाला कडी ठोकली. आईला कोंडायची कडी, पण तीही त्यानं पट्टीनं मोजून अगदी सरळ बसवली. समोरच्या शिंपीकाकांना नंबर दिला, काही आवाज आला तर फोन करा म्हणून सांगितलं.

मित्रांनो, बंद होण्याचं मला दुःख नाही, तो आमचा धंदाच आहे. पण तोवर मी बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून बंद होत असे. आता आतल्या माणसासाठी बंद झालो, तेही तिच्यासाठी. मला स्वतःची लाज वाटू लागली.

साडेनऊला मुलगा, सून कामावर आणि नात शाळेत जाई. दहाला आजी चपला घालून, पर्स काखेत मारून माझ्यापाशी येई. सुरुवातीला ती मला ओढायची, रागवायची. एकदा पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. माझ्या बिजागऱ्या आतल्याच बाजूला होत्या. तेवढे स्क्रू काढले असते तर मी अख्खा निखळून तिच्या पायाशी पडलो असतो, आणि आनंदानं पडलो असतो. बघ ना, इथं बघ, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. हजारो मशीन उघडलेल्या त्या बाईला हातातल्या वस्तूचं काय करायचं, तेच आठवेना. ती तशीच खुर्चीत जाऊन बसली.

दुसऱ्या महिन्यात तिनं ओढणं सोडलं आणि ठोठावायला लागली. दोन बोटांनी, हळूच, गिऱ्हाइकाच्या दारात ठोठावावं तसं. "कुणी आहे का घरात?" ती विचारायची. "मशीनवाली आलेय." मग कान देऊन वाट बघायची.

शिंपीकाकांना वाटलं, आमच्याकडे पाहुणे आलेत. डोकावून बघावं तर बाहेर कुणीच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी मुलाला फोन केला.

तो भरदुपारी धापा टाकत आला. कडीला हात घालणार, तेवढ्यात आतून टकटक झाली. "कुणी आहे का घरात?"

त्यानं कपाळ माझ्यावर टेकलं. इकडे त्याचं कपाळ, तिकडे तिची दोन बोटं आणि मध्ये मी. तेवढा वेळ मला माझ्या सगळ्या आयुष्यापेक्षा जड गेला.

मग त्यानं कडी काढली आणि मी होतो तेवढा उघडलो. समोर जिना, जिन्यावर ऊन. आता ही सुसाट सुटणार, याची मला खात्री होती. पण ती उंबऱ्यावरच थांबली. मुलाकडे बघून म्हणाली, "जाऊ का?"

मित्रांनो, उभ्या आयुष्यात तिनं कुणाला हे विचारलं नव्हतं.

"आई, विचारू नकोस गं," तो म्हणाला. तिच्याच पेटीतल्या स्क्रू ड्रायव्हरनं त्यानं ती कडी काढून टाकली आणि त्याच दुपारी दोघं टोक बघायला गेली.

पुढे आठ महिने ती होती. कधी मुलगा, कधी सून, कधी नात, कुणीतरी रोज तिच्याबरोबर जायचं. ती हसायची, टाक्या आणि गॅरेजं रंगवून सांगायची. पण निघताना उंबऱ्यावर हटकून थांबायची आणि विचारायची, "जाऊ का?" मुलानं शंभरदा समजावलं असेल. कडीच्या दोन महिन्यांत लागलेली ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही. आता ती नाही, आणि अजूनही मुलगा बाहेर पडताना उंबऱ्यावर क्षणभर अडखळतो.

म्हणून सांगतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना डोळ्यांत तेल घालून जपा. ती वाट चुकतात, पडतात, आपला जीव टांगणीला लावतात, हे सगळं खरं आहे. पण त्यांच्यापैकी कुणी उंबऱ्याशी येऊन उभं राहिलं, तर त्यांनी विचारायच्या आधी उठा आणि चपला घाला. उघडायचं काम माझं आहे, ते मी करीन. सोबत जायला मला पाय नाहीत.